पाच कलशांची पांथशाळा

दूरच्या एका नगरात नेत्रवैद्यांची चार घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. त्यामुळे त्या नगरात बाहेरून येणाऱ्यांपैकी बहुतेकांना दिसत नसे. कुणाला मोतीबिंदू झालेला असे, कुणाची नजर तापात गेलेली असे. कुणी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून येई, कुणी बायकोच्या पदराचे टोक धरून. वैद्य उपचार करीत, सात दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवीत आणि प्रत्येकाला एकच गोष्ट बजावीत: डोक्याला धक्का लागू देऊ नका, पडलात, तर डोळा गेला. ते सात दिवस काढण्यासाठी नगरात पांथशाळा होत्या.

या पांथशाळांची परीक्षा करण्यासाठी राजाने चिंतोपंत नावाचे अधिकारी नेमले होते. चिंतोपंत अत्यंत प्रामाणिक होते. ज्या पांथशाळेची तपासणी करायची, तिथे ते घोटभर पाणीसुद्धा पीत नसत. त्यांच्याजवळ चाळीस कलमांची एक यादी होती. प्रत्येक खोलीत आरसा आहे का, पायांखाली गालिचा आहे का, आंघोळीला ऊन पाणी मिळते का, भिंती मोकळ्या आणि नितळ आहेत का, धूप कोणता जाळतात, असे त्या यादीत विचारलेले असे. सतरावे कलम असे होते की, पाहुण्याला कंटाळा येऊ नये म्हणून खोलीतील मांडणी दररोज बदललेली असावी. ही यादी चिंतोपंतांनी शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या वकिलांच्या, म्हणजे राजदूतांच्या, तक्रारींवरून तयार केली होती. त्या वकिलांचे डोळे उत्तम होते आणि ते वैद्यांकडे आलेले नव्हते. ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही, चिंतोपंतांच्याही नाही.

यादीप्रमाणे जसे गुण मिळत, तसे तांब्याचे कलश पांथशाळेच्या दारावर ओळीने बसवले जात. एकापासून पाचापर्यंत. वैद्य आपले रुग्ण निदान एक कलश असलेल्या ठिकाणीच पाठवीत. बिनकलशाच्या पांथशाळेत पाठवण्याची त्यांना मनाई होती. रुग्णासोबत आलेला नातेवाईक रस्त्यात उभा राहून कलश मोजी आणि जिथे जास्त असतील तिथे आपल्या माणसाला पोहोचवी. म्हणजे पांथशाळा निवडणाऱ्याला दिसत असे आणि राहणाऱ्याला दिसत नसे. निवडणारा बहुधा दुसऱ्या दिवशी गावी परतलेला असे.

नगराच्या पूर्वेला म्हाळसाबाई नावाच्या विधवेची पाच खोल्यांची पांथशाळा होती. तिच्या दारावर एकच कलश होता, आणि तोही चिंतोपंतांच्या आधीच्या काळातला. आत आरसा नव्हता, गालिचा नव्हता. होता तो एक जाडजूड काथ्याचा दोर. प्रत्येक खाटेपासून निघून तो भिंतीच्या कडेकडेने, कमरेच्या उंचीवर, न्हाणीपर्यंत आणि विहिरीपर्यंत गेलेला होता. वळण आले की दोराला एक गाठ. पायरी आली की दोन गाठी. विहीर जवळ आली की तीन. म्हाळसाबाईच्या नवऱ्याची दृष्टी गेली, तेव्हा तिने तो त्याच्यासाठी बांधला होता. नवरा गेल्यावर तिने तो काढला नाही. तिने सगळे उंबरे तासून जमिनीबरोबर केले होते. पाण्याचा तांब्या खाटेच्या उजव्या अंगाला, हात लांबवला की लागेल अशा जागी, वीस वर्षे ठेवला जात होता. त्या वीस वर्षांत तिच्याकडे कुणी पडले नव्हते.

चिंतोपंत तपासणीसाठी आले, तेव्हा ओसरीवर सखोबा नावाचा एक वृद्ध कोष्टी बसला होता. आठवड्याभराने त्याच्या डोळ्यावर उपचार व्हायचे होते. पंतांच्या फेऱ्या तो बराच वेळ ऐकत राहिला.

"पंत, तुमचे जोडे कुरकुरतात," तो म्हणाला. "याच खांबाला चौथ्यांदा वळसा घातलात. वाट चुकलात की काय?"

भिंत पाहतो आहे, असे पंतांनी तुटकपणे सांगितले.

"मग कशी आहे ते आम्हांलाही सांगा. आम्ही नुसती धरतो."

पंतांच्या मागे उभे असलेले दोन्ही कारकून हसले. पंत हसले नाहीत. त्यांनी यादीत लिहिले: भिंतीवर दोर, कुरूप, काढावा. मग म्हाळसाबाईला बोलावून त्यांनी आठ दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात दोर काढायचा, आरसे लावायचे, मांडणी रोज बदलायची. नाहीतर कलश उतरवला जाईल.

म्हाळसाबाईने आरशांचे मान्य केले. दोराबद्दल मात्र तिने पंतांना एक प्रश्न विचारला. "आजवर इथं कुणी पडलं का, एवढं तरी विचाराल?"

"तो प्रश्न यादीत नाही," पंत म्हणाले.

तेव्हा सखोबा काठी टेकत उठला. "पंत, एकदा डोळे मिटा. हा दोर धरून विहिरीपर्यंत जाऊन या. मग जे लिहायचं ते लिहा."

चिंतोपंत थांबले. म्हाताऱ्याच्या बोलण्यात काही तथ्य असावे, असे त्यांना क्षणभर वाटले. त्यांनी दोराकडे हात नेलाही. पण मागे कारकून उभे होते, आणि दारात शेजारपाजारची चार माणसे जमली होती. नगराच्या परीक्षकाने भरदिवसा डोळे मिटून भिंत चाचपडत चालायचे, हे चित्र त्यांना सहन झाले नाही. तपासणी पांथशाळेची चालली होती. पण त्या क्षणी कसोटी दुसऱ्याच कुणाची होती.

"डोळे मिटून तपासणी करायची पद्धत नाही," असे म्हणून त्यांनी हात मागे घेतला.

त्या आठ दिवसांत म्हाळसाबाईने पाच आरसे आणून लावले. दोराशी ती रोज जाऊन उभी राहत असे. दोर काढला, तर पाहुणे येतील आणि पडतील. ठेवला, तर पडायला कुणी येणारच नाही. तिने दोर ठेवला. नवव्या दिवशी शिडी लावून तिचा कलश उतरवण्यात आला आणि पुढे तिची पांथशाळा बंद पडली.

सखोबाच्या डोळ्यावर उपचार झाले होते आणि पट्टीचा एकच दिवस झाला होता. त्याला उचलून पाच कलशांच्या रत्नमहालात नेण्यात आले. तिथे मऊ गाद्या होत्या, पाच प्रकारचे धूप होते, हाक मारताच येणारे सेवक होते. पहिल्या दिवशी सखोबाने पावले मोजून वाट पाठ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी सतराव्या कलमाप्रमाणे पितळी फुलदाणी खिडकीजवळून वाटेत आली. सखोबा तिच्यावर आदळून पडला आणि त्याचा डोळा गेला. तो परत मागावर बसला नाही.

चिंतोपंतांनी या प्रकरणाची रीतसर चौकशी केली. फुलदाणी स्वच्छ होती. फुले ताजी होती. मांडणी बदललेली होती. पांथशाळेचा दोष आढळत नाही. पाहुण्याने पुरेशी काळजी घेतली नाही, असा निष्कर्ष त्यांनी लिहिला. लिहिलेला प्रत्येक शब्द खरा आहे, अशी त्यांची खात्री होती.

पुढे बारा वर्षे गेली. चिंतोपंत म्हातारे झाले. आपल्या हाताखाली तयार झालेल्या गदाधर नावाच्या शिष्याला यादी सोपवून ते चार दिवसांच्या वाटेवर असलेल्या आपल्या मूळ गावी जाऊन राहिले. तिथे त्यांच्या उजव्या डोळ्याची नजर पूर्ण गेली आणि डाव्यावर पडदा आला. डाव्या डोळ्याची आशा होती. पुतण्या त्यांना नगरात घेऊन आला. त्याने रस्त्यात उभे राहून कलश मोजले, काकांना रत्नमहालात पोहोचवले आणि शेतीची कामे खोळंबली म्हणून दुसऱ्या दिवशी तो गावी परतला.

वैद्यांनी उपचार करून डोळ्यावर पट्टी बांधली आणि पंतांनाही तेच बजावले.

पहिल्या दिवशी पंतांनी पाण्याचा तांब्या कुठे आहे ते नीट लक्षात ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यांचा हात रिकाम्या जागी पडला. तिसऱ्या दिवशी जिथे भिंत होती, तिथे त्यांच्या गुडघ्याला चौरंगाचा कोपरा लागला. त्यांनी रत्नमहालाचे मालक नानूशेट यांना बोलावून खोलीतले काही हलवू नका, अशी विनंती केली. नानूशेट फार अदबीने बोलले.

"पंत, आपण मागाल ते देऊ. दूध, केशर, अंग रगडायला माणूस. पण मांडणीचं बोलू नका. सतरावं कलम आपलंच आहे. एक कलश जाईल माझा."

पंत चाचपडत खाटेवर जाऊन बसले.

चौथ्या दिवशी दुपारी खोलीत फडक्याचा आवाज येत होता. कोण आहे, असे पंतांनी विचारले. आरसे पुसणारी, असे उत्तर आले. आवाज वयस्क बाईचा होता.

"इथल्या आरशांत पाहतं तरी कोण?" पंतांनी विचारले.

"पुसताना मीच," ती म्हणाली. थोड्या वेळाने ती पुढे म्हणाली, "डावीकडे चौरंग आहे, पंत. आज तिकडं ठेवलाय."

ती गेल्यावर पंत पाणी घ्यायला उठले, तेव्हा त्यांच्या हाताला भिंतीवर काहीतरी खरखरीत लागले. काथ्याचा दोर होता. त्याला धरून ते चालू लागले. एक गाठ आली, आणि वळण आले. दोन गाठी आल्या, आणि न्हाणीची पायरी आली. ते न अडखळता गेले आणि न अडखळता परतले. मग खाटेवर बसून त्यांनी दोराचे टोक बराच वेळ हातात धरून ठेवले. ती बाई कोण, हे त्यांना कळले होते. संध्याकाळी ती दिवे लावायला आली, तेव्हा त्यांनी तिला नावाने हाक मारली. म्हाळसाबाईने तांब्या उचलून त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला.

पाचव्या दिवशी पंत निर्धास्त उठले. आज त्यांनी पावले मोजली नाहीत. हात दोरासाठी पुढे केला आणि ते चालू लागले. पण त्या दिवशी गदाधराची तपासणी होती, म्हणून पहाटेच सेवकांनी दोर काढून भिंत पुसून घेतली होती. पंतांचा हात नितळ भिंतीवरून घसरत गेला. दोन गाठींची वाट पाहत असतानाच पायरी आली. ते तोंडावर पडले.

वैद्यांनी पट्टी सोडून पाहिली आणि पुन्हा बांधली नाही. बांधण्याचे कारण उरले नव्हते.

दोर बांधल्याबद्दल म्हाळसाबाईला कामावरून काढण्यात आले. निघण्यापूर्वी तिने पंतांचा हात धरून त्यांना दिवाणखान्यात गदाधराकडे नेले. गदाधर उभा राहिला. गुरूंच्या पाया पडला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते. तो वाईट माणूस नव्हता. पंतांनी त्याला सांगितले की, यादीत एकेचाळिसावे कलम घाल: इथे उतरणाऱ्याला न पडता पाण्यापर्यंत जाता येते का.

गदाधराने बराच विचार केला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "पंत, ते तपासायचं कसं? मी आत आलो, तर मला सगळं दिसतं. मी पडणारच नाही."

"डोळे मिटून तपास."

गदाधराने मागे पाहिले. दोन कारकून उभे होते. दारात नानूशेट होते, चार पाहुण्यांचे नातेवाईक होते.

"तशी पद्धत नाही, पंत," तो म्हणाला.

पंतांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना पाठ होते. म्हाळसाबाईने त्यांचा हात आपल्या मनगटावर ठेवला आणि पायरी आली की सांगत सांगत ती त्यांना बाहेर घेऊन गेली. दारावरचे पाच कलश तपासणीसाठी चिंचेने घासलेले होते आणि उन्हात चमकत होते. रस्त्यात एक तरुण आपल्या आंधळ्या आईला घेऊन उभा होता. तो मोठ्याने मोजत होता. पाच झाल्यावर त्याने समाधानाने आईला आत नेले. पंतांनी त्याला हाक मारली. पण कोण्या आंधळ्या म्हाताऱ्याला पांथशाळेतले काय कळणार, असे वाटून तो थांबला नाही.

तात्पर्य: जागा चांगली की वाईट, हे तिथे काय मांडले आहे यावरून ठरत नाही; तिथे उतरणाऱ्याची गरज भागते की नाही, यावरून ठरते. हा प्रश्न जो वेळेवर विचारत नाही, तो कितीही प्रामाणिक असला, तरी त्याच्या हातून होणारे नुकसान कमी होत नाही, आणि पुढे त्याने तो विचारला, तर ऐकायला कुणी थांबेलच असे नाही.