करवतीचा नट्टापट्टा

अवजारं माणसांशी बोलत असत त्या काळी समुद्राकाठच्या एका गावात बाबल मेस्त्रींकडे एक करवत होती. काम आटोपलं की मेस्त्री रोज तेलाच्या फडक्यानं तिचं पातं पुसायचे. करवतीला त्या कळकट फडक्याची शिसारी यायची.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. त्या सकाळी ती म्हणाली, "मेस्त्री, आज सगळा गाव बघायला येणार. असलं तेलकट तोंड घेऊन मी पाटावर बसायची नाही."

फडकं हळूच म्हणालं, "बाई, इथला वारा खारा आहे."

"तू आधी स्वतःकडे बघ," करवत म्हणाली.

सणासुदीला हिचं मन कशाला मोडा, म्हणून मेस्त्रींनी तिला राखेनं लख्ख घासलं. ओलं हळदकुंकू लागलं, झेंडूची ओली फुलं चढली आणि करवत दिवसभर मिरवली. दसरा होताच मेस्त्री लेकीकडे गेले, ते आठ दिवसांनी परतले. फणसाची फळी कापायला घेतली, तर करवत अर्ध्यातच अडकली. तिच्या अंगभर गंज चढला होता. मेस्त्रींनी घासून घासून दात वाचवले, डाग मात्र राहिले.

पुढच्या खंडेनवमीला करवत म्हणाली, "मेस्त्री, फुलं इतरांना घाला. मला तेवढं ते फडकं फिरवा."

शेजारच्या नव्या पटाशीनं विचारलं, "आजी, तुमचं गेल्या वर्षीचं कुंकू पुसायचं राहिलं का?"

"कुंकू नाही गं," करवत म्हणाली. "तो माझा शहाणपणा आहे. कितीही घासला तरी जात नाही."