मुठीतलं तोंड

“पण मी तर रोज सकाळी हवा भरतो, अप्पा. मग चूक माझी कशी?”

“भरतोस,” अप्पा म्हणाले. “जाते कुठं?”

मल्लिनाथ बिराजदारनं खांदे उडवले.

तो तालुक्याच्या शाळेत क्रीडाशिक्षक होता. मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारली तर शिट्टीची गरज पडू नये, असा त्याचा आवाज. अप्पा म्हणजे डोंगरकडेच्या लहानशा मठातले म्हातारे स्वामी. मल्लिनाथ त्यांच्याकडे लहानपणापासून यायचा. आज मात्र दर्शनाला नव्हे, काम घेऊन आला होता.

“ते जाऊ द्या, अप्पा. गाडीचं मी बघतो. तुम्ही फक्त घरी चला आणि अंबिकाला समजावा. उद्या तिचा भाऊ तिला न्यायला येतोय.”

“का?”

“एवढ्याशा गोष्टीवरून. घाटात गाडीचं चाक बसलं, त्यावरून.”

“नीट सांग.”

मल्लिनाथनं सांगितलं.

मोटरसायकलच्या मागच्या चाकातली हवा हळूहळू जायची. सकाळी टणक, संध्याकाळी मऊ. अंबिका, त्याची बायको, म्हणायची, पंक्चरवाल्याला दाखवा. तो म्हणायचा, माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात लागत नाही. पायपंप त्यानं घरातच ठेवला होता. उठला की पहिलं काम ते. टायरसुद्धा नवा टाकून झाला होता.

मग मागच्या आठवड्यात लेकीला, मुक्ताला, ताप चढला. तिला दोघांच्या मध्ये बसवून ते दवाखान्यात निघाले. घाटाच्या मधल्या वळणावर गाडी डुलायला लागली. चाक बसलं होतं.

“मग?”

“मग काय... मी जरा बोललो.”

“कुणाला?”

“अंबिकाला. तुझ्यामुळं निघायला उशीर झाला, म्हणालो. सकाळीच निघालो असतो तर हवा पुरली असती.”

“अजून?”

मल्लिनाथनं मान खाली घातली.

“एक टेम्पोवाला थांबला होता. चला, सोडतो म्हणाला. मी त्यालाही बोललो... तुला कुणी विचारलं, म्हणून.”

“तो गेला?”

“निघाला होता. अंबिकाच त्याच्या मागं धावली. पोरीला घेऊन त्याच्या गाडीत बसली. मी वळणावर एकटाच राहिलो.”

“मुक्ता?”

“बरी आहे. खेळते.”

अप्पांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले.

“आणि अंबिका?”

“बोलत नाही. त्या दिवसापासून एक शब्द नाही, अप्पा. स्वयंपाक करते, ताट वाढते. काल फक्त एवढंच म्हणाली, अण्णा येतोय, मी मुक्ताला घेऊन जाते. किती दिवसांसाठी, विचारलं. तर...”

“तर?”

“माझ्याकडं बघत राहिली.”

मठाच्या अंगणात गाईंसाठी दगडी हौद होता. एक गाय पाणी पिऊन बाजूला झाली. अप्पा उठले, काठी घेतली आणि हौदाजवळच्या मोटरसायकलपाशी गेले. मागच्या चाकावर अंगठा दाबला. अंगठा रुतला.

“मी यावर बसणार नाही,” ते म्हणाले.

“आता हवा मारतो ना. तुमच्या मठात पंप नसेल, तर खाली गावात...”

“मला भीती वाटते.”

मल्लिनाथ हसला. “तुम्हाला? अप्पा, तुम्ही या डोंगरात एकटे राहता!”

“डोंगरातली हवा जात नाही.”

“अंबिकाही असंच म्हणते, भीती वाटते. मी तिला सांगतो, भित्री आहेस तू...”

त्याची नजर चाकावर गेली.

अप्पा हौदाच्या कडेवर बसले. “दुरुस्त कर. मग येतो.”

मल्लिनाथनं डिकीतून पान्हे काढले. त्याचा हात सफाईदार होता, यात शंका नाही. चाक खोललं, टायर सोडवला, आतून ट्यूब बाहेर ओढली. मठात एक भक्त सायकलवर आला होता, त्याच्या पंपानं ट्यूब फुगवली. हे सगळं करताना तो बोलत होता. टायर कंपन्या आता कसा माल काढतात, रस्त्यावर खिळे टाकतं कोण, माहेरच्या लोकांनी अंबिकाला कसं चढवलं.

अप्पा ऐकत होते. की पाण्याकडं बघत होते, कोण जाणे.

“आता बघा,” मल्लिनाथ म्हणाला. “कुठं भोक असेल तिथून बुडबुडे येतील.”

डाव्या मुठीत त्यानं ट्यूबचा वॉल धरला, हवा भरायचं ते पितळी तोंड. उजव्या हातानं ट्यूब थोडी थोडी हौदात बुडवत नेली. एक भाग, दुसरा भाग. पाणी स्थिर. कुठंच काही नाही.

“बघितलंत? घरीही हेच होतं. भोक नाही. तरी हवा जाते.”

“सगळी बुडवलीस?”

“सगळी.”

“मुठीत काय आहे?”

“काही नाही. वॉल आहे. धरायला.”

“तो बुडाला नाही.”

“तिथून तर मी हवा भरतो, अप्पा! तिथून आत जाते. तिथून बाहेर कशी...”

अप्पांनी वाकून आपला सुरकुतलेला तळहात मल्लिनाथच्या मुठीवर ठेवला. आणि हळूच खाली दाबला.

मूठ पाण्यात गेली.

“उघड.”

त्यानं बोटं सोडवली.

वॉलच्या तोंडातून मोहरीएवढा एक बुडबुडा निघाला, वर आला, फुटला. मग दुसरा. मग आणखी एक... घाई नाही, खंड नाही.

मल्लिनाथ बघत राहिला.

कितीतरी वेळा त्यानं ही ट्यूब पाण्यात धरली होती. परसातल्या टबात, शाळेच्या टाकीत, ओढ्यावर. दर वेळी हेच तोंड मुठीत गच्च धरून.

“माझ्या हातातच होतं,” तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता.

अप्पांनी हात पुसला.

वॉलच्या आतली पिन सैल झाली होती आणि तिच्यात बारीक वाळू बसली होती. त्यानं पिन काढली, धुतली, जुन्या धोतराच्या चिंधीनं पुसली, वॉलच्याच टोपीच्या खाचेनं पुन्हा आवळली. ट्यूब परत पाण्यात धरली. या वेळी वॉलसकट.

पाणी स्थिर.

मग, ट्यूब हातात तशीच धरून, तो हौदाला टेकून खाली बसला आणि रडला. मोठ्यानं नाही. खांदे तेवढे हलत होते.

अप्पा शेजारी बसून राहिले. चाक पुन्हा जोडून, पंपानं हवा भरून झाल्यावर भक्त आपली सायकल घेऊन निघून गेला.

ऊन उतरताना दोघं निघाले. अप्पांनी मागं बसताना काठी मांडीवर आडवी धरली. घाट आला. मधलं वळण आलं. मल्लिनाथनं तिथं गाडी हळू केली, पण थांबवली नाही.

घरात अंबिका मुक्ताचे कपडे पिशवीत भरत होती. अप्पांना दारात बघून तिनं डोक्यावर पदर घेतला, वाकून पाया पडली.

“अप्पा, तुम्ही... गाडीवर आलात?”

“आलो.”

“त्या गाडीवर?”

अप्पांनी मल्लिनाथकडं पाहिलं. अंबिकानंही पाहिलं.

मल्लिनाथनं तोंड उघडलं. सांगायला खूप होतं. हौद, बुडबुडा, अप्पांचा हात... घाटात आपण कसं वळण घेतलं तेसुद्धा. त्यानं तोंड मिटलं.

“वॉलमधून जात होती,” तो म्हणाला. “मी तिथं कधी बघितलंच नाही.”

अंबिका पिशवी भरत राहिली.

“तो टेम्पोवाला भला माणूस होता.”

तिनं एक झगा उचलला.

“तू धावलीस म्हणून पोरीला वेळेवर औषध मिळालं. मी... मी नुसता ओरडत होतो.”

अंबिकाच्या हातात मुक्ताचा झगा होता. तिनं त्याची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

“दिवसभर टिकेल का हवा?” तिनं विचारलं.

जुना मल्लिनाथ म्हणाला असता, मी केलंय म्हटल्यावर टिकणारच.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “सकाळी बघू.”

ती आत गेली. मल्लिनाथ घाबरून अप्पांकडं बघायला लागला. आतून भांड्यांचा आवाज आला. मग तिचा आवाज.

“अप्पा, तुम्ही आज इथंच राहा. भाकरी टाकते.”

सकाळी मल्लिनाथ उठला तेव्हा अंगणात कुणीतरी आधीच होतं. अंबिका मोटरसायकलजवळ उकिडवी बसून मागच्या चाकावर अंगठा दाबत होती. दोन्ही हातांनी दाबलं. चाक दगडासारखं टणक होतं.

तिनं मान वर केली. तिच्या तोंडावर हसू होतं, आणि ते लपवायचं तिला सुचलं नव्हतं.

“टिकलीय,” ती म्हणाली.

मल्लिनाथ पायरीवर मटकन बसला. जणू डोक्यावरचं ओझं कुणी उचलून घेतलं होतं. मुक्ता डोळे चोळत बाहेर आली आणि त्याच्या मांडीवर येऊन बसली. कपाळ गार होतं. त्यानं पुन्हा पुन्हा हात लावून पाहिलं.

भरलेली पिशवी दाराशी तशीच होती. अंबिकानं ती उचलून आत नेली.

दुपारी तिचा भाऊ सिद्राम आला. चेहरा ताठ, बोलायला तयार होऊन आलेला. अंबिकानं दारातच सांगितलं, “अण्णा, हातपाय धुऊन घे. जेवायला बस. मी आत्ता येत नाहीये. आले तर चार दिवस माहेरपणाला येईन.”

सिद्रामनं तिच्याकडं पाहिलं, मग भाऊजींकडं, मग कोपऱ्यात घोंगडीवर बसलेल्या अप्पांकडं. काहीतरी घडून गेलं आहे, एवढं त्याला समजलं. तो हसला आणि मोरीकडं गेला.

पंगत बसली. गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. अंबिका वाढत होती. मुक्ता मामाच्या ताटातलं खात होती. घरात किती दिवसांनी आवाज होता.

मल्लिनाथला राहवलं नाही. त्यानं ताट थोडं सरकवलं, ताठ बसला आणि घसा खाकरला. मैदानावर मुलांपुढं बोलायच्या आधी तो तसाच खाकरायचा.

“अप्पा,” तो म्हणाला, “सिद्रामही आहे म्हणून सांगतो. मला आता सगळं कळलं.”

अंबिकाचा वाढता हात थांबला.

अप्पांनी घास चावून संपवला.

“कळलं?”

“सगळं कळलं, अप्पा.”

“मग जेव.”