नवमीच्या वाटीतले दात

"मग मी बोलू तरी कशानं, माई?"

कौमुदीनं ओठांवरची ओढणी काढली नव्हती. प्रश्न कापडातूनच आला, दबलेला.

गोदामाई समईच्या वाती वळत होत्या. कृष्णाकाठच्या त्या लहानशा मठात त्यांनी कीर्तन शिकवण्यात जन्म घालवला होता. कौमुदी त्यांची सगळ्यांत तयार शिष्या. अवघी पंचविशीतली.

तिचे उच्चार ऐकायला नदीपलीकडून माणसं यायची. तिलाही ते ठाऊक होतं. कुणी श्रोता भारावून मध्येच सूर लावू लागला, की ती हात वर करून त्याला थांबवायची.

"तुम्ही ऐका," म्हणायची. "शब्द खराब होतो."

श्रावणात घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरला आणि ती पाण्याच्या कळशीसकट तोंडावर आपटली. वरचे पुढचे चार दात गेले. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी कवळी करून दिली. चांगली दिली. आरशात बघितलं तर काही घडलंच नाही असं वाटावं.

पण 'स' म्हणायला गेलं की शीळ वाजायची. 'त' म्हटलं की कवळी जरा खाली यायची.

"आजचं कीर्तन दुसऱ्या कुणाला तरी द्या," कौमुदी म्हणाली. "या वयात कवळी घालून मी उभी राहणार नाही. लोक माझ्या तोंडाकडे बघतात."

"आधी कशाकडे बघायचे?"

कौमुदीनं ओढणी आणखी वर ओढली.

"सवय होईल म्हणाल्या असतील डॉक्टरीणबाई."

"म्हणाल्या. त्यांचं काय जातंय म्हणायला? आणि तुमचं तरी काय, माई? तुमचे सगळे दात अजून शाबूत आहेत."

माईंनी हसून ते दाखवले.

"आहेत खरे. कालच ऊस खाल्ला."

कौमुदीच्या डोळ्यांत पाणी आलं. माईंनी वात बाजूला ठेवली आणि हात पुढे केला.

"दे इकडे."

"काय?"

"कवळी."

...

आईनंसुद्धा तिला कवळीशिवाय पाहिलं नव्हतं. कौमुदी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग तिनं मान न वळवताच मूठ मागे केली.

माईंनी कवळी उघड्या तळहातावर घेतली. रांजणाशी जाऊन दोन बोटांनी हलकेच धुतली, घास भरवून झाल्यावर बाळाचं तोंड धुवावं तशी. मग पितळेच्या वाटीत पाणी घालून त्यात ठेवली.

त्या दिवशी खंडेनवमी होती. मठाच्या ओसरीवर गावानं आपापली हत्यारं पूजेला आणून ठेवली होती. शिवाप्पा लोहाराचा हातोडा, शिंप्याची कात्री, सुताराचा रंधा, स्वयंपाकघरातली विळी, मठाची वीणा. माईंनी वीणा आणि कात्रीच्या मध्ये वाटी ठेवली. हळदकुंकू वाहिलं. वरून झेंडूचं फूल सोडलं.

"माई! ते तोंडातलं आहे!"

"वीणा गळ्यातली आहे."

"पण संध्याकाळी..."

"पूजेला बसलेलं हत्यार दशमीची उत्तरपूजा होईपर्यंत उचलत नाहीत. तुला शिकवलंय ते."

"म्हणजे कीर्तन दुसरं कुणी..."

"कीर्तन तुझंच आहे," माई म्हणाल्या, आणि पुन्हा वाती वळायला बसल्या.

दुपारी माणसं दर्शनाला येऊ लागली. कौमुदी खांबाआड ओढणीत तोंड लपवून बसली होती. शिवाप्पा लोहार आला. म्हातारा, पाठीत वाकलेला. त्यानं आपल्या हातोड्याला नमस्कार केला आणि त्याची नजर वाटीवर गेली. फुलाखाली पाणी. वर कुंकू तरंगत होतं. त्यानं भक्तिभावानं फूल बाजूला सारलं आणि वाटी उचलायला हात घातला.

"तीर्थ घेतो हां, माई," तो आत बघून म्हणाला.

"थांबा!"

कौमुदी धावत पुढे आली. ओढणी कुठल्या कुठे राहिली.

"ते तीर्थ नाही! ते माझे... दात आहेत!"

'द' आणि 'त' दोन्ही वाऱ्यावर गेले.

"आँ? हात?"

"दात! दात! माझे दात!"

शिवाप्पानं वाटीत डोकावलं. मग कौमुदीच्या उघड्या तोंडाकडे बघितलं. मग पुन्हा वाटीत.

"आयला," तो म्हणाला. "पिलो असतो की."

आधी शिंपीण हसली. मग सगळेच हसले. कौमुदीला वाटलं, आता जमीन फाटावी. आणि तेवढ्यात तिच्याही नकळत तिच्या पोटातून हसू फुटलं. पडल्यापासून ती पहिल्यांदाच तोंड उघडून हसत होती.

शिवाप्पानं डोळे पुसले.

"बरं दिसतंय की आता तोंड. घाटावरनं उचलली तवा नुसतं रगात हुतं."

कौमुदीचं हसू थांबलं.

"तुम्ही... उचललं मला?"

"मग कोन? खांद्यावर टाकून दवाखान्याच्या जीपपातुर आणली न्हवं. सारखं वाटायचं, पोर जगती का न्हाई." त्यानं फूल परत वाटीत सोडलं. "दात काय... आनता येत्यात."

मला कुणी उचललं, हे इतक्या दिवसांत तिनं एकदाही विचारलं नव्हतं. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा आरसा मागितला होता.

ती वाकली आणि शिवाप्पाच्या भेगाळलेल्या पावलांवर तिनं डोकं ठेवलं. म्हातारा अवघडून मागे सरला.

"अगं, अगं... माझ्या काय पाया पडतीस..."

संध्याकाळी ती कीर्तनाला उभी राहिली. मठ भरला होता.

नमनाची पहिली ओळ तिनं धरली. ओळीच्या शेवटचा शब्द तिच्या तोंडून नुसती हवा होऊन बाहेर पडला. कुणीतरी खोकलं. टाळ मंदावले. तिनं पुन्हा म्हटलं. पुन्हा हवा.

ती थांबली.

...

मागच्या रांगेतून एका म्हातारीनं थरथरत्या आवाजात तो शब्द म्हटला. पुरा म्हटला, आणि ओळ पुढे ढकलली.

सवयीनं कौमुदीचा हात वर गेला. थांबवायला.

तो तसाच हवेत राहिला. सगळे त्या हाताकडे बघत होते.

मग तिनं दुसरा हात वर नेला आणि दोन्ही जोडले.

त्यानंतर जिथे तिचा 'त' पडे तिथे दहा जण तो उचलून धरत. जिथे 'स' निसटे तिथे अख्खी ओसरी तो देई. ती अर्धी ओळ म्हणायची आणि वाट बघायची. उरलेली ओळ लोकांकडून यायची. कधी बेसूर, कधी बोबडी, पण यायची. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. आरतीला उभी राहिली तेव्हा आपण गायलो किती आणि ऐकलं किती, हे तिला सांगता आलं नसतं.

सकाळी दसरा. उत्तरपूजा झाली. जो तो आपलं हत्यार घेऊन गेला. कौमुदी वाटी घेऊन माईंपुढे येऊन बसली. चेहरा नुसता उजळला होता.

"माई, इतकी वर्षं मी कीर्तन करत होते. काल पहिल्यांदा मला कीर्तन मिळालं."

माई देवीपुढे टांगलेला कडक पुऱ्यांचा फुलोरा उतरवत होत्या.

"शिवाप्पांचे, त्या आजींचे, या गावाचे उपकार मी कसे फेडू? आणि तुमचे?"

माईंनी दोऱ्याची एक गाठ सोडली.

"मी ठरवलंय, माई. दात नव्हते म्हणूनच काल ते घडलं. आता ही कवळी मला नको. ती इथेच देवीपाशी ठेवते. यापुढे बोळक्या तोंडानंच उभी राहीन. जन्मभर."

...

माईंनी फुलोऱ्याच्या दोऱ्यातून एक कडाकणी सोडवली. कडक, खरपूस तळलेली. ती कौमुदीच्या हातावर ठेवली.

"घाल ती कवळी," माई म्हणाल्या. "कडाकणी काय जिभेनं फोडणार आहेस?"