वाचण्यात चूक

घरचा संगणक टीव्हीला जोडावा लागे आणि त्याची स्मृती कॅसेटवर साठवली जाई, त्या काळातला एक संगणक कपाटात पडून होता. सोबत कॅसेट घातलेला टेपरेकॉर्डर आणि खेळाची जॉयस्टिक होती. एके सकाळी दिवंगत मालकांची कन्या वसुधा भंगारवाल्याला म्हणाली, "थांबा दादा. या कॅसेटवर बाबांनी रचलेली प्रार्थना आहे. दिसली तर ठेवीन, नाहीतर सगळेच घेऊन जा."

तिने संगणक टीव्हीला जोडला आणि टेपरेकॉर्डर सुरू केला. जीर्ण फीत किरकिरत फिरू लागली. मध्येच काही अक्षरे संगणकाला ऐकूच आली नाहीत.

"बोलू नकोस, म्हाताऱ्या!" जॉयस्टिक कुजबुजली. "चूक कबूल केलीस तर तिघेही पोत्यात जाऊ. काहीतरी जुळवून दाखव."

"देवाच्या प्रार्थनेत पदरचे घालू?" संगणक म्हणाला.

पडद्यावर उमटले, 'वाचण्यात चूक'.

भंगारवाल्याने पोते उघडले. वसुधा टेपरेकॉर्डरपाशी वाकली. मग बाबा करीत तसा तिने टेपरेकॉर्डरमधल्या फीत वाचणाऱ्या भागाचा बारीक स्क्रू किंचित फिरवला आणि फीत पुन्हा सुरुवातीपासून लावली.

या खेपेस एकेक ओळ शुद्ध उमटत गेली. वसुधाने डोक्यावर पदर घेतला. दाराशी उभ्या भंगारवाल्याने पोते खाली ठेवले आणि चपला काढल्या.