रिकामे घोटे

त्या राज्यात सगळेच कापडाचे होते आणि राज्याभोवती एक करडी भिंत होती. भिंतीपलीकडे काय आहे हे कोणी विचारत नसे. रोज दिवस मावळायच्या सुमारास भिंतीला टेकून मांडलेल्या मंचावर एका भयाण नगरीचा खेळ होई, आणि तो पाहून झाला की आपलं त्यामानाने बरं चाललंय असं सगळ्यांना वाटे.

खेळ दर वर्षी नवा असे. म्हणजे तशी दवंडी पिटली जाई. नगरीचं नाव बदले. पण पडद्यावर रंगवलेली भिंत तीच, तिच्यावरचा एका डोळ्याचा मनोरा तोच, धूर तोच, लोकांच्या छातीवर नावाऐवजी आकडे तेच. नायिका पहिल्या घंटेला डोळे मोठे करी, दुसऱ्या घंटेला बंड करीन म्हणे आणि तिसऱ्या घंटेला पळता पळता पडे. मग नायक येऊन तिला उचले.

ती पडावी म्हणून तिच्या घोट्यांत कापूस भरत नसत. रीतच होती तशी, आणि ती पाळण्याचं काम दोसूतीकडे होतं. दोसूती दिवसभर बसून नायिका शिवत असे. तिचा हात चांगला होता. डोक्याचा मात्र तिला स्वतःलाच भरवसा नव्हता. खेळाचा मालक मांजरपाट याला तिने एकदा चाचरत विचारलं होतं.

"मालक, दुसऱ्या घंटेला ही उडी मारून खंदक ओलांडते. मग तिसऱ्या घंटेला सपाट जमिनीवर कशी पडते?"

"पडली नाही तर तो उचलणार कोणाला?"

"आणि भिंत दर वेळी करडीच?"

"अगं, भिंत म्हटली की करडी. लोकांना ओळखू यायला नको? तू आपले टाके घाल."

तिला ते पटलं. घरी पोचेपर्यंत पटलेलं राहिलं, मग पुन्हा गुंता झाला. आपल्यालाच कळत नसेल, असं म्हणून तिने विषय सोडला.

दोसूतीला उरल्यासुरल्या तुकड्यांतून शिवलेली एक लेक होती, चिंधी. चिंधी अंगणात पडण्याचा सराव करी. कपाळावर उलटा हात, एक पाय दुमडलेला. दोसूतीला आधी हसू आलं. शेजारणींना तिने कौतुकाने दाखवलंही. मग एका दुपारी चिंधी चुलीजवळ पडली. परकराच्या काठाला ठिणगी लागली तरी कपाळावरचा हात काही हलेना.

"चिंधे, ऊठ आधी."

"तो आल्याशिवाय कसं उठायचं, आई?"

दोसूती बसल्या जागेवरून सरपटत गेली आणि काठ तळहातांनी चोळून विझवला. पोरीला उभं करू लागली तर ती उभी राहीना. तिचे घोटे रिकामे होते. टाके तिने स्वतःच उसवले होते आणि कापूस नीट गोळा करून आईच्या टोपलीत ठेवला होता. शहाणी पोर.

"मला नायिका व्हायचंय," चिंधी म्हणाली. "तू भरलास तर मी पुन्हा काढीन."

दोसूतीने लेकीचे घोटे भरले, वर दुहेरी टाका घातला. पण टाका किती दिवस पुरणार? उसवायला पोरीलाही बोटं होतीच. शेजारी संध्याकाळच्या खेळाची नायिका शिवून पडली होती. टोपलीत मूठभर कापूस होता. आपण काय करतोय हे दोसूतीला धड सांगता आलं नसतं. मांजरपाट काम काढून घेईल, दुसरं आपल्याला येतं काय, असं पुटपुटतच तिने नायिकेचे घोटे ठासून भरले. लगेच उसवावेत असंही वाटलं. तेवढ्यात न्यायला माणसं आली.

संध्याकाळी बायका नेहमीसारख्या एकमेकींच्या खांद्याला धरून आल्या आणि बसल्या. चिंधी अगदी पुढे. तिसरी घंटा झाली. नायिका पळत आली, ठरल्या जागी तिचं पाऊल मुरगळलं, आणि सरळ झालं. नायक हात पसरून धावत आला तो तसाच उभा राहिला. मांजरपाटाने घंटा पुन्हा बडवली. दोघीतिघी सवयीने "अगं बाई" म्हणाल्या आणि ओशाळून इकडेतिकडे बघू लागल्या.

"आता?" नायकाने हळूच विचारलं.

"मलाही पडल्यानंतरचंच येतं," नायिका म्हणाली, आणि दुसरं काही सुचेना म्हणून चालत राहिली.

इतकं पुढे आजवर कोणी गेलं नव्हतं. रंगवलेल्या भिंतीपाशी पोचून तिने हात लावला. कापडच ते, तिने बाजूला सारलं. मागे राज्याची भिंत होती, हुबेहूब तशीच. फक्त तिला एक दार होतं. कडी उंचावर होती, हात बोटभर कमी पडत होता. नायिकेने टाचा उचलल्या.

पुढच्या रांगेत चिंधीनेही उठून टाचा उचलल्या.

पोर तोल जाऊन पडेल या धास्तीने दोसूती उठू लागली. धरायला खांदा मिळेना. सगळ्या समोर बघत होत्या. तिला उठता येईना. मुंग्या आल्या असतील म्हणून तिने पाय चाचपला. घोट्याशी तिचा अंगठा आणि बोट कापडातून एकमेकांना लागले. मध्ये काहीच नव्हतं. वर जुने, सुबक टाके होते, तिच्या आईच्या हातचे.

समोर कडी वाजली. शेजारच्या रांगेतही एकेक हात खाली पायाकडे जात होता.