शेवटच्या बोटीचा पाहुणा

धक्क्यावर चार घरची माणसं तुमच्या पिशव्या ओढत होती, त्याचा राग धरू नका. आमच्या या ग्राविकच्या उत्तरेला गाव नाही, नुसता बर्फ आहे. हिवाळ्याआधीची शेवटची बोट लागते त्या दिवशी इथल्या प्रत्येक घरात एक पाहुणा मुक्कामाला हवाच. ज्यांना परका मिळत नाही ते शेजाऱ्याला बोलावतात. तुम्ही दुसऱ्या घराला मिळालात, म्हणून आज माझी बायको समोरच्या घरी निजेल आणि समोरची म्हातारी आमच्याकडे. दोघीही घोरतात.

फार पूर्वी, म्हणे, राजाने हुकूम काढला: अकरा घरांसाठी एवढ्या लांब जहाज येणार नाही, गाव रिकामं करून शहरात चला. इवार नावाचा अंमलदार तो हुकूम आणि अकरा कुलपं घेऊन शेवटच्या जहाजाने आला.

गावात आगोट नावाची विधवा एकटी राहायची. नवरा आणि दोन मुलगे समुद्राने नेले होते, एकाचाही देह सापडला नव्हता. कोणी समजूत घालायला गेलं की ती एवढंच म्हणे, "माझी तिघं अजून पाण्यात आहेत. मी गेले तर ती कोणाच्या दारी येतील?"

आमच्या किनाऱ्यावर राजाहून जुना एक कायदा आहे. घरात पाहुणा असेपर्यंत त्या घराला कुलूप लागत नाही. वादळात सापडलेल्यांसाठी केलेला हा कायदा आगोटने वेगळ्या कामाला लावला. सकाळीच तिने बाकीच्या दहा घरांतलं एकेक माणूस शेजारी पाहुणं म्हणून धाडलं. इवार ज्या दारी जाई तिथे दुसऱ्या घरचं कोणीतरी चुलीपाशी बसलेलं. तोही याच किनाऱ्यावर वाढलेला, कायदा मोडायची त्याची छाती होईना. संतापला मात्र फार.

शेवटी आगोटचं घर. तिथे कोणीच पाहुणा नव्हता. ती विसरली की तिने मुद्दाम तसं केलं, यावर आम्ही अजून भांडतो. इवारने कुलूप बाहेर काढलं. सकाळपासून तो उपाशी होता, ओलाचिंब होता. आगोटने माशाच्या साराचा वाडगा त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो संपवला, दुसरा मागून घेतला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आता या घरचा पाहुणा आपणच आहोत.

खाडीत बर्फ धरू लागला होता. जहाजवाले शिंग फुंकून त्याला बोलावत होते. आगोट म्हणाली, "ऊठ आणि लाव कुलूप. मी अडवणार नाही."

खाल्ल्या मिठाला जागायचं असतं, हे त्यालाही त्याच्या आईने शिकवलं असणार. तो बसून राहिला. जहाज रिकामं गेलं.

वसंतात दुसरा अंमलदार शिपाई घेऊन आला. बाकीची दहा घरं पुन्हा पाहुणे बसवून तयारच होती. आगोटच्या दारात इवार उभा होता. तो म्हणाला, "मी या घरचा पाहुणा आहे, आणि अजून उठलेलो नाही."

असं सांगतात की तो पुढे एकतीस वर्षं उठला नाही.

आजही राजधानीतून अधूनमधून पत्र येतं: बोट बंद करू, शाळा बंद करू, तुम्ही शहरात या. पत्र घेऊन जो येतो, त्याला आम्ही आधी जेवायला बसवतो.