मोर्गेन घराण्याचा मूळ पुरुष

“आणि या योहानचा बाप कोण?” जयवंतने विचारलं.

पाळक लेओनहार्टांनी चर्चची जुनी वही त्याच्याकडे वळवली. हातातलं भिंग त्यांनी त्याच्यापुढे सरकवलं.

जयवंत उजागरे नगरचा. त्याची पणजी काटारीना मोर्गेन याच जर्मन खेड्यातून मिशनच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून नगरला आली, आणि तिथल्याच एका शाळामास्तरांशी लग्न करून राहिली.

मोर्गेन म्हणजे जर्मनमध्ये जमिनीचं माप, आपल्या बिघ्यासारखं. तेव्हा पणजीचं घराणं मोठं जमीनदार असणार, हे जयवंतने स्वतःच ठरवून टाकलं होतं. नगरच्या समस्त नातेवाइकांना ऐकवूनही झालं होतं.

गावच्या कचेरीतल्या सरकारी नोंदी पणजीच्या जन्माशीच थांबल्या. त्यामागचं सगळं चर्चच्या वह्यांत. आणि तिथलं अक्षर मोडीसारखं, वळणावळणाचं. ते वाचता यावं म्हणून जयवंत या म्हाताऱ्या, निवृत्त पाळकांचा शिष्य झाला.

उन्हाळाभर तो रोज सकाळी त्यांच्या घरी येऊन बसे. एकेक पिढी मागे जात होती. कोणी मेंढपाळ निघाला, कोणी चांभार.

“जमीन विकली असणार,” असं म्हणून जयवंत पान उलटायचा.

आज त्याने भिंग उचललं आणि अडखळत वाचलं, “योहान मोर्गेन. बाप... माहीत नाही. आई... माहीत नाही.”

“पुढे वाच.”

“सकाळी मेंढवाड्याच्या दाराशी सापडला. म्हणून...”

जयवंत थांबला.

“म्हणून मोर्गेन,” पाळकांनी वाक्य पुरं केलं. “मोर्गेन म्हणजे सकाळसुद्धा. रोज दारात पाऊल ठेवताना ‘गुटेन मोर्गेन’ म्हणतोस की मला!”

“तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“तू आलास त्या दिवसापासून.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“तू वाचायला शिकवा म्हणालास. शिकवलं.”

...

जयवंत खुर्चीत मागे रेलला.

“संपलं म्हणायचं. या गावात माझं रक्ताचं असं कोणाचंच घर नाही. नगरला आता काय तोंड दाखवू, पाळकसाहेब? आमच्या थोरल्या आत्याला तर मी वाडासुद्धा वर्णन करून सांगितलाय.”

“किती मजली?”

“...दोन.”

पाळक खो खो हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसून त्यांनी नोंदीशेजारच्या समासावर बोट ठेवलं. तिथे कोणीतरी बारीक अक्षरात काही लिहिलं होतं.

जयवंत वाकला. “बाप्तिस्म्याचे साक्षीदार... सगळं गाव.” त्याने पुन्हा वाचलं. तेच होतं. “मूल आळीपाळीने घरोघर राहील. दूध... ज्या घरची गाय व्यालेली असेल, त्या घरचं.”

त्याने भिंग खाली ठेवलं. मग त्यालाही हसू फुटलं, आवरेना. उन्हाळाभरात तो पहिल्यांदाच असा हसला.

पण शेवटी शोधकच तो.

“पाळकसाहेब, ही घरं कुठली ते लिहिलंय कुठे? निदान पहिलं तरी? ते एक कळलं की...”

पाळकांनी वही मिटली.

“जेवलास?”

“नाही अजून.”

“ऊठ.”

त्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं, दारापाशी नेलं, हलकेच बाहेर ढकललं, आणि आतून कडी लावली.

जयवंत रस्त्यावर उभा राहिला. दुपारची वेळ. दोन्ही बाजूंना लाल कौलांची घरं, आणि सगळ्या घरांतून परतलेल्या कांद्याचा वास येत होता. समोरच्या घरातली बाई कसला आवाज झाला म्हणून हातात पळी घेऊन दारात आली आणि रस्त्यात उभ्या या परदेशी माणसाकडे बघू लागली.

जयवंतने गडबडून पाळकांचं दार ठोठावलं.

“पाळकसाहेब! अहो, कुठल्या घरी जाऊ?”

आतून आवाज आला, “योहानने कुठे विचारलं होतं?”